प्रतिध्वनींची पाखडण

माथेरानच्या कड्यांत काळ्या बेसाल्ट खडकाचे थर जवळजवळ आडवे रचलेले दिसतात. परंतु पनवेलच्या बाजूस येतां येतां तेच थर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेनें, कलूं लागतात. भूस्तरशास्त्रज्ञ ह्याला ‘पनवेलचें वांकण’ म्हणतात. समुद्रतळाखालीं काय दडलें आहे, हें मात्र डोळ्यांना दिसत नाहीं. तेथें कानांचाच आश्रय घ्यावा लागतो.

जहाजावरून पाण्यांत ध्वनीचा धक्का देतात आणि निरनिराळ्या थरांवर आपटून परतणारे प्रतिध्वनि, मागें ओढल्या जाणाऱ्या लांब केबलींतील ध्वनिग्राहक यंत्रें टिपून घेतात. १९६४ ते १९६७ ह्या काळांत ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ ह्या रशियन जहाजानें खंबायतच्या आखातापासून दक्षिणेकडे अशीच पाहणी केली. तींतून मुंबईच्या पश्चिमेस समुद्रतळाखालचा उंचवटा उमगला, आणि फेब्रुवारी १९७४ मध्यें ‘सागर सम्राट’नें तेथें खणलेल्या विहिरींत तेल लागलें. तेंच मुंबई हाय होय.

परंतु नोंद हातीं आली म्हणजे भूगर्भाचें चित्र हातीं आलें, असें नव्हे. तांदूळ शिजविण्यापूर्वीं पाखडावे लागतात, तशीच नोंदही निवडावी लागते. धक्क्याच्या वेळीं जहाज आणि प्रत्येक यंत्र नेमकें कोठें होतें, हें प्रथम ताडून पाहतात. जागा चुकली तर पुढचें सारें गणित चुकतें. बिघडलेल्या यंत्रांच्या नोंदी वगळतात, लाटांच्या हेलकाव्यांचीं मंद कंपनें गाळून टाकतात, खोलवरून आलेला क्षीण प्रतिध्वनि प्रमाणांत वाढवितात. मग एकाच स्थळाच्या अनेक नोंदी, अंतरामुळें पडलेला वेळेचा फरक काढून, एकत्र मिळवितात. सोळा नोंदी मिळविल्या तर खरा प्रतिध्वनि सोळापट होतो. अनियमित गोंगाट सुमारें चौपटच वाढतो.

सर्वांत फसवा तो नियमित गोंगाट. मुंबई हाय येथें पाणी सुमारें ७५ मीटर खोल आहे. पाण्याचा पृष्ठभाग आणि तळ ह्यांमध्यें ध्वनि चेंडूसारखा उसळत राहतो. पाण्यांत त्याचा वेग सेकंदास सुमारें १५०० मीटर. जाऊन-येऊन १५० मीटरांस एक-दशांश सेकंद लागतो. म्हणून दर दशांश सेकंदानें तोच आवाज पुन्हा उमटतो. ही नक्कल ओळखून वजा केली नाहीं, तर नसलेला थर नकाशावर दिसूं लागतो, आणि त्याच्या भरंवशावर कोट्यवधि रुपयांची विहीर खणली जाते.

उलट धोकाही तितकाच आहे. कच्छ-सौराष्ट्रांत बेसाल्टच्या खालींही जुने गाळाचे थर आढळले आहेत. पण बेसाल्टचा कठीण पृष्ठभाग बराचसा ध्वनि वरच परतवितो, त्यामुळें खालून येणारा प्रतिध्वनि फार दुबळा असतो. चित्र सुबक दिसावें म्हणून सूप जोरानें झटकलें, तर कोंड्याबरोबर कणीही उडून जाते.

म्हणून जाणता संशोधक मूळ नोंद जशीच्या तशी जपून ठेवतो, प्रत्येक पायरीस काय काढलें त्याचा हिशेब लिहितो, आणि टाकलेला भाग वेगळा मांडून पाहतो. त्या भागांत थरांसारख्या सलग रेघा दिसल्या, तर चाळणी चुकली असें समजून तो काम पुन्हा आरंभापासून करतो. विहिरीची जागा ठरविणाऱ्यास खरा आधार ह्या हिशेबाचाच असतो.