एकरकमी मानधन की पुढची रॉयल्टी?

कवी मोरोपंतांना (१७२९–१७९४) बारामतीत बाबूजी नाईकांचा आश्रय लाभला. आज बारामती-इंदापूरच्या गीतकारापुढे आश्रयदाता नसतो, करार असतो. ठरलेली रक्कम आज घ्यावी, की मोठ्या चित्रपटाची वाट पाहावी? माझ्या मते, छोटी ऑफर घेतली म्हणून पुढचे सगळे गेले, ही भीती अवाजवी आहे. कॉपीराइट कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीनुसार, चित्रपटातले गाणे चित्रपटगृहाबाहेर वापरले गेले, तर रॉयल्टीतला गीतकाराचा समान वाटा निर्मात्याला लिहून घेता येत नाही. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रित गाण्यालाही हे संरक्षण आहे. हक्कांचे हस्तांतरण मात्र लेखीच लागते. त्यात मुदत नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. रॉयल्टीच्या वसुलीसाठी आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हा, आणि सहीपूर्वी मुदतीचे कलम वाचाच.