कोमट समुद्र जास्त फुगतो

मुंबईत साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती कोणकोणत्या तारखांना आहे, त्याची यादी यंदाही पावसाळ्याच्या तोंडावर जाहीर झाली. भरतीचे हे गणित चंद्र-सूर्याचे. ज्या पातळीवर ही भरती चढते, ती पातळीच वर सरकते आहे, हा विषय मात्र वितळत्या हिमकड्यांच्या चित्रांवर येऊन थांबतो.

बर्फाचा वाटा मोठा आहेच. २००६ नंतर तर तोच पुढे गेला. पण आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा २०२१ चा अहवाल सांगतो की १९७१ ते २०१८ या काळात वाढलेल्या समुद्रपातळीचा निम्मा भाग नुसत्या फुगण्याचा होता. बाहेरून पाणी आले नाही. होते तेच तापले, विरळ झाले आणि त्याला जागा जास्त लागली.

दहावीच्या पुस्तकातले होपचे उपकरण अनेकांना आठवत असेल. एडिनबरोच्या थॉमस चार्ल्स होप यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेला तो प्रयोग. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वात जड, त्याखाली उलट हलके होत जाते. पण हा नियम गोड्या पाण्याचा. समुद्राचे खारे पाणी उणे २ अंशांच्या आसपास गोठेपर्यंत जड होतच राहते. म्हणजे समुद्र कुठेही तापला, तरी तो फुगणारच.

पण सगळीकडे सारखा नाही, आणि आपल्या दृष्टीने खरी मेख इथे आहे. ध्रुवाजवळचा २ अंश तापमानाचा, १०० मीटर जाडीचा थर एका अंशाने तापवला, तर तो एक सेंटीमीटरही वाढत नाही. अरबी समुद्रासारखा २८ अंशांचा तेवढाच थर तेवढाच तापवला, की तीन सेंटीमीटरहून जास्त चढतो. पाणी जितके कोमट, तितका प्रत्येक अंशामागे त्याचा फुगवटा जास्त. हे वाढलेले पाणी जागच्या जागी उभे राहत नाही, वारे आणि प्रवाह ते इकडेतिकडे नेतात. तरीही उष्ण कटिबंधातल्या समुद्राचे तापणे किरकोळ मानणे ही घोडचूक ठरेल.

हे कळते ते आर्गो तरंडांमुळे. जगभरच्या समुद्रांत असे सुमारे ४,००० स्वयंचलित तरंड सोडलेले आहेत. एकेक तरंड १,००० मीटर खोलीवर वाहत राहतो, साधारण दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरतो आणि तापमान व क्षारता मोजत वर येऊन उपग्रहाला आकडे कळवतो. तापमान आणि क्षारता हाती आली की घनता काढता येते. भारताच्या तरंडांचे काम हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था पाहते. इतके शांतपणे इतके मोलाचे काम करणारे यंत्र दुसरे क्वचितच असेल.

हरितगृह वायूंमुळे अडकलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. ती सावकाश खोल उतरते, त्यामुळे उत्सर्जन आज थांबले तरी फुगणे शतकानुशतके चालू राहील. मुंबईतल्या पर्जन्य जलवाहिन्यांची तोंडे समुद्रात उघडतात आणि भरतीच्या वेळी त्यांतून निचरा अडतो. नवी उदंचन केंद्रे, नवे किनारी रस्ते आखताना महापालिकेने आजची भरतीरेषा धरू नये. पन्नास वर्षांनंतरची धरावी, आणि ती कोणती धरली हे नागरिकांना जाहीरपणे सांगावे.