प्रवेश मिळाला, पण वर्ष संपलेले नाही

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मुस्लिम कुटुंबांत मार्चअखेर आनंदाची असते. बारावीतल्या मुलाला कॉलेजचे प्रवेशपत्र येते, मिठाई वाटली जाते, गावी दादी-नानीला फोन जातो. आणि त्याच आठवड्यापासून पुस्तके मिटतात. तिकडे या सुस्तीला गमतीने ‘सिनियरायटिस’, म्हणजे शेवटच्या वर्षाचा आजार, असे म्हणतात.

आम्हा पालकांनाही वाटते, पोर खूप राबले आहे, आता थोडा आराम करू दे. पण ते पत्र पुन्हा एकदा नीट वाचावे. प्रवेश बहुधा सशर्त असतो. १ मेपर्यंत होकार कळवून अनामत रक्कम भरली तरी काम संपत नाही. वर्षअखेर शाळा अंतिम गुणपत्रक कॉलेजला पाठवते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात तर शेवटच्या वर्षी एका विषयात ‘डी’ किंवा ‘एफ’ आला तरी प्रवेश धोक्यात येऊ शकतो. उन्हाळ्यात प्रवेश रद्द झाला, तर दुसरीकडे जागा मिळणे कठीण.

गुण घसरलेच तर लपवू नये. मुलाने शाळेच्या समुपदेशकांना भेटावे आणि कॉलेजला स्वतःहून खरे कारण कळवावे.

घरी ओरडण्यापेक्षा रोज तासभर सगळ्यांचेच मोबाइल बाजूला ठेवून आपणही त्याच्याजवळ बसू या. दिलेला शब्द पाळावा, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. अर्जात लिहिलेले विषय नीट पूर्ण करणे, हाही दिलेला शब्दच आहे.