चाके मोजा, इंजिन ओळखा

मिरज-कोल्हापूर मार्गावरच्या गाडीची एखादी जुनी कृष्णधवल फीत घ्या. ओरखडे पडलेली, जेमतेम काही सेकंदांची, तारीख नसलेली. इंजिनाचा नंबरही धुरात गडप. एवढ्यावरूनही ते इंजिन कोणते आणि काळ कोणता, हे पुष्कळदा शोधता येते. मला हे विलक्षण वाटते.

पहिली खूण चाकांची. पुढची लहान, मधली दांड्यांनी जोडलेली मोठी, मागची लहान, अशी दोन्ही बाजूंची मिळून मोजायची. मीटरगेजवर ४-६-२ आले, तर ते प्रवासी गाड्यांचे वायपी असू शकते. २-८-२ आले, तर मालगाड्यांचे वायजी. चाकांची रचना इतर वर्गांतही सारखी सापडते, म्हणून धुराडे, बॉयलर, केबिन ताडून पाहायचे. वायपी-वायजी नक्की ठरले, की फीत १९४९च्या आधीची नाही!

इथले रूळही साक्ष देतात. कोल्हापूर संस्थानाचा हा मार्ग १८९१ साली सुरू झाला तो मीटरगेज. ब्रॉडगेज झाला १९७१च्या सुमारास. त्यामुळे कोल्हापूर स्टेशनात बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाचे ब्रॉडगेज डब्ल्यूपी दिसले, तर काळ त्यानंतरचा. मिरजेत मात्र जपून: तिथे बार्शी लाइट रेल्वेचे अरुंद रूळही होते.

सर्वांत सुंदर पुरावा आवाजाचा. दोन सिलिंडरच्या साध्या इंजिनात मोठे चाक एकदा फिरले, की धुराड्यातून वाफेचे चार फुत्कार निघतात. वायपीचे मोठे चाक १.३७ मीटर व्यासाचे. एका फेऱ्यात सुमारे ४.३ मीटर अंतर. दहा सेकंदांत चाळीस फुत्कार ऐकू आले, तर वेग ताशी सुमारे साडेपंधरा किलोमीटर. चाकाचा दांडा एकदा फिरताना चारच फुत्कार ऐकू येत नसतील, तर आवाज बहुधा नंतर जोडलेला.

मूकपटात वेगळी अडचण. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला १६ चित्रे टिपली आणि २४च्या वेगाने दाखवली, तर गाडी दीडपट धावते. चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी ज्या कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा घडवला, तिथल्या वाचकांना हे गणित नक्की आवडेल.

घरात लग्नाच्या, सहलीच्या जुन्या फिती पडून असतील, तर टाकून देऊ नका. त्यांत मागून एखादी गाडी गेलेली असू शकते. फिती डिजिटल करून घ्या, आणि चाके मोजा.