प्रोग्राम मेला नाही, कामात आहे!

गॅदरिंगच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. आमच्या नांदेडच्या हॉस्टेलवर आम्ही चौघं एका लॅपटॉपभोवती बसलो होतो. समोर फोटो लायब्ररीचा प्रोग्राम आणि त्याच्या डोक्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' ही पाटी. क्रॉसवर वीस वेळा क्लिक करून झालं, पण पठ्ठ्या बंदच होईना. शेवटी एकाने पॉवरच्या बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात औसा तालुक्यातला आमचा रूम पार्टनर ओरडला, "थांब रे! काय करायलास? आजोबांचे फोटो हायेत त्यात!"

त्याचं गाव किल्लारीजवळ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि घर पडलं. ढिगाऱ्यातून जे थोडंफार हाती लागलं, त्यात एक अल्बम होता. ओल लागून ते फोटो आता एकमेकांना चिकटायला लागलेत, म्हणून त्याने दिवाळीच्या सुट्टीत लातूरला ते स्कॅन करून घेतले. ते स्कॅन आणि आमचे चार वर्षांचे सगळे फोटो एकाच एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर होते. दुसरी कॉपी? नव्हती!

त्या रात्री बटण दाबलं नाही हे बरं झालं. का, ते बघू.

प्रोग्राम मंद का होतो?

साधा हिशोब करा. २०,००० फोटो, प्रत्येकी ५ एमबी, म्हणजे १०० जीबी. यूएसबी २.० चा वेग प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबीच्या आसपास मिळतो. म्हणजे सगळं एकदा नुसतं वाचायलाच ५५ मिनिटं! शिवाय १२ मेगापिक्सेलचा ५ एमबीचा फोटो उघडला की रॅममध्ये ३६ एमबी जागा खातो, कारण प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट लागतात. त्यात थंबनेल बनवणं, चेहरे ओळखणं, वरून अँटीव्हायरसची तपासणी. रॅम भरली की विंडोज हार्ड डिस्कच रॅमसारखी वापरायला लागतं आणि मग एक्सप्रेसची बैलगाडी होते.

आणि बंद का होत नाही?

आपल्या लायब्ररीची आठवण करा. पुस्तकं कपाटात असतात, त्यांची नोंद रजिस्टरमध्ये. इथेही मूळ फोटो फोल्डरमध्ये आणि नोंदी एका डेटाबेसमध्ये असतात. २०१६ साली पिकासाचा सपोर्ट बंद झाला, तरी लोकांच्या कॉम्प्युटरवरचे फोटो जिथल्या तिथे राहिले, ते याचमुळे. (काही प्रोग्राम मात्र मूळ फोटो स्वतःच्या पोटातच ठेवतात. आपला कसा आहे ते आधी बघून घ्या.) तुम्ही क्रॉस दाबता तेव्हा एखादी नोंद अर्धवट असते. ती पुरी झाल्याशिवाय प्रोग्राम कुलूप लावत नाही. 'नॉट रिस्पॉन्डिंग' म्हणजे खिडकीने पाच सेकंद उत्तर दिलं नाही, एवढंच. 'मेला' असा त्याचा अर्थ नाही.

मग करायचं काय?

१. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू आणि डिस्कचे आकडे हलत असतील तर काम चालू आहे. खुशाल चहाला जा.

२. पंधरा-वीस मिनिटं आकडे शून्यावरच असतील तरच 'एंड टास्क'. लिनक्सवाल्यांनी आधी साधं 'किल' द्यावं, 'किल -९' अगदी शेवटी. 'पीएस'मध्ये 'डी' अशी स्थिती दिसली तर प्रोसेस डिस्कची वाट बघते आहे. मग -९ लाही ती दाद देत नाही. अशा वेळी केबल आणि डिस्क तपासा.

३. प्रोग्राम चालू असताना डिस्कची केबल ओढू नका.

४. सक्तीने बंद केल्यावर डेटाबेसशेजारी '-जर्नल' नावाची फाइल दिसली तर कचरा समजून उडवू नका. एसक्यूलाइट डेटाबेस पुन्हा उघडताना तिच्याच आधाराने अर्धवट नोंद मागे घेतो.

५. पुढच्या वेळी डेटाबेस लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर ठेवा, चेहरे ओळखणं बंद करा आणि फोटो हजार-हजारच्या टप्प्याने घ्या.

आमच्याकडे टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दाखवत होती. म्हणजे गडी राबत होता! आम्ही लॅपटॉप चार्जिंगला लावून गप्पा मारत बसलो. एकच्या सुमारास खिडकी आपोआप बंद झाली. मग कुणीही प्रोग्राम परत उघडला नाही. आधी स्कॅनचं फोल्डर साध्या कॉपी-पेस्टने दुसऱ्या डिस्कवर घेतलं. ती डिस्क आता लातूरला त्याच्या बहिणीकडे आहे. दोन्ही कॉपी एकाच रूममध्ये ठेवून काय उपयोग?

मित्रांनो, गॅदरिंगचे फोटो गोळा करण्याआधी एवढं कराच. तो अल्बम ढिगाऱ्यातून एकदा निघाला. दर वेळी निघेलच असं नाही.

— तृतीय वर्ष, कॉम्प्युटर