मेंढी मरण्याआधीचा विमा

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडे शिरोळच्या पट्ट्यात तो ५००च्या आसपास उतरतो, आणि येथील धनगर मेंढपाळांची भटकंती पावसाच्या याच तफावतीवर बेतलेली आहे. पिके निघालेल्या रानात मेंढ्या बसवून लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, रात्री वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कळप कोंडायचा आणि चारा संपला की पुढचे गाव गाठायचे, असा हा क्रम असतो. दुष्काळ पडला की सारेच एकदम मेंढ्या विकायला काढतात, भाव कोसळतात आणि पोटासाठी व्यायला आलेल्या माद्याही बाजारात जातात; त्यामुळे पुढे पाऊस झाला तरी कळप उभा राहायला कित्येक वर्षे जातात. अर्थशास्त्रात याला दारिद्र्याचा सापळा म्हणतात.

या सापळ्यावर आधार म्हणून विमा आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानातील विम्यात लाभार्थ्याचा हिस्सा २०२४ पासून हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आणला आहे आणि १० मेंढ्यांचे एक एकक धरून १० एककांपर्यंत विमा उतरवता येतो. तथापि ही भरपाई जनावर मेल्यानंतरची असून तिला कानातला बिल्ला, पंचनामा आणि पशुवैद्यकाचा दाखला लागतो. माळरानात बिल्ला तुटून पडला तर दावाच अडतो.

याउलट, केनियातील मार्साबिट येथे २०१० मध्ये सुरू झालेल्या निर्देशांकाधारित विम्यात मृत जनावर मोजावे लागत नाही. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि अवरक्त किरण परावर्तित करते. उपग्रहाने टिपलेल्या या फरकावरून कुरणाची हिरवाई ठरते आणि ती ठरावीक पातळीखाली गेली की त्या भागातील सर्व विमाधारकांना रक्कम मिळते. सुरुवातीला भरपाई जनावरे दगावण्याच्या अंदाजावर बेतलेली होती. पुढे ती दुष्काळाच्या सुरुवातीलाच देण्याची रचना स्वीकारली गेली, कारण वेळेवर घेतलेला चारा मेंढी वाचवतो. २०११ च्या दुष्काळात विमा घेतलेल्या कुटुंबांना जनावरे विकण्याची पाळी कमी आली, असे अभ्यासांत दिसले.

कोल्हापुरात मात्र हीच पद्धत जशीच्या तशी उचलणे चुकीचे ठरेल. उपग्रहाला येथे हिरवागार दिसणारा भाग अनेकदा उसाचा असतो आणि त्यात मेंढीला शिरकाव नसतो. म्हणून शिवार हिरवे आणि कळप उपाशी, असे घडू शकते. निर्देशांक आणि प्रत्यक्ष नुकसान यांतील या तफावतीलाच विमाशास्त्रात आधारजोखीम म्हणतात. ती कमी करायची, तर गायरान, माळ आणि कळपांच्या वाटा मेंढपाळांच्याच मदतीने नकाशावर आखून तेवढ्याच जमिनीची हिरवाई मोजली पाहिजे. तोवर मेंढपाळांनी गाव सोडण्यापूर्वी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन सध्याच्या विम्याची चौकशी अवश्य करावी.