रोहूच्या अंगावरची ऊ

भंडारा जिल्ह्यातल्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर मी उभी आहे. फाल्गुन लागलाय, पाणी मागे हटलंय. मच्छीमार सोसायटीची ढीवर मंडळी छातीभर पाण्यातून जाळं ओढत आणताहेत. काठ जवळ येतो तशी आत रोहूंची तडफड वाढते.

त्यांच्यातले एक काकाजी किलोभराचा रोहू उचलून माझ्यापुढे धरतात. "याचं पोट पाहा, बाई." परांच्या मुळाशी लाल चट्टे, आजूबाजूचे खवले सुटलेले. काकाजी त्यावर अंगठा फिरवतात आणि एक पारदर्शक ठिपका चक्क बाजूला सरकतो. मसुरीएवढी, चपटी ऊ! नखानं सोडवून ते ती चहाच्या काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाकतात. आता दोन काळे डोळे दिसतात, खालच्या अंगाला चिकटायच्या दोन गोल वाट्या दिसतात. पायांच्या चार जोड्या हलवत ती गोल गोल पोहतेय. हा आर्ग्युलस. म्हणायला ऊ, पण कुळ झिंग्या-खेकड्यांचं. कातडीत सुईसारखी नांगी खुपसून तो माशाचं रक्त शोषतो आणि उघड्या जखमेत मग बुरशी, जिवाणू शिरतात. मासा खाणं सोडतो, खुंटांना अंग घासतो. असला चट्ट्यांचा माल व्यापारी भाव पाडूनच मागतो.

"फवारणीचं औषध टाकून देऊ का?" जाळं गोळा करणारा एक पोरगा विचारतो.

"अन् ढोरं पाणी कुठं पितील?" काकाजी तिथल्या तिथे त्याला गप्प करतात.

मला त्यांचं पटतं. औषधानं ऊ मरेल, पण कतला मासा ज्यावर जगतो ते पाण्यातले बारीक जीवही मरतील. अंडी मात्र बऱ्याचदा तगून राहतात.

ती अंडी माशावर नसतातच. मादी मासा सोडून जाते आणि दगड, खुंट, बांबू अशा टणक जागी अंडी डकवते. काकाजी पाण्यात रोवलेला एक बांबू उपटून आडवा करतात. पाण्याखालच्या भागावर पिवळसर, चिकट दाण्यांच्या ओळीच ओळी. एकेक मादी अशी शेकडो अंडी घालते. पाणी उबदार असलं की दोन-तीन आठवड्यांत पिल्लं बाहेर पडतात आणि मासा मिळाला नाही तर काही दिवसांत मरतात. बांबू उन्हात टाकला की अंडी वाळून जातात. ही मंडळी मुद्दाम बांबू रोवतात ती यासाठीच. दर आठवड्याला काढायचे, वाळवायचे, पुन्हा रोवायचे. खर्च जवळजवळ नाही, चिकाटी मात्र हवी.

तलाव ठेक्यानं घेणाऱ्या प्रत्येक सोसायटीला माझी कळकळीची विनंती आहे: बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडण्याआधी त्यांचं अंग नीट तपासा, तलावाला झेपेल तेवढंच बीज सोडा, आणि औषधाच्या बाटलीला हात घालण्याआधी बांबू रोवा.